चॅरिटी रनसाठी निधी गोळा करायचाय, पण मजाही जायला नकोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमचा एक छोटासा हौशी ग्रुप आहे, अ‍ॅथलीट वगैरे कोणी नाही. ५के, १०के (म्हणजे ५ किंवा १० किमीची रन) असलं काही निघालं की नावं द्यायची, गप्पा मारत धावायचं, मेडल गळ्यात घालून फोटो काढायचे, एवढाच आमचा कार्यक्रम. मागच्या रनमध्ये माझ्या पुढे एक काकू चालत-धावत होत्या, त्यांच्या पाठीवर सेफ्टी पिनांनी एक कागद लावलेला आणि त्यावर मार्करने फक्त "दादासाठी" लिहिलेलं. घामाने कागदाचा एक कोपरा सारखा दुमडत होता आणि त्या धावता धावता हात मागे नेऊन तो सरळ करत होत्या. मी त्यांच्या मागेच राहिले, पुढे जावंसंच वाटलं नाही.

तेव्हापासून मनात आहे की पुढची १०के कॅन्सर झालेल्या लहान मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेसाठी धावायची, म्हणजे नुसती फी भरून नाही तर लोकांकडून देणग्या जमवून. ग्रुपमधली एक मैत्रीण म्हणते की पैसे मागायला लागलो की टार्गेट आलं, टार्गेट आलं की टेन्शन आलं, मग मजा कसली? मला हे पटत नाही. टेरी फॉक्सचंच बघा ना, कॅन्सरमुळे उजवा पाय गेलेला मुलगा, १९८० साली कृत्रिम पायावर कॅनडा पार करायला निघाला, १४३ दिवसांत ५३७३ किमी धावला आणि कॅन्सर फुफ्फुसांत पसरला म्हणून थांबावं लागलं, पुढच्या वर्षी गेलाच तो. पण त्याच्या नावाने जी रन होते तिच्यात नंबर नाहीत की बक्षिसं नाहीत, धावा, चाला, व्हीलचेअरवर या, सगळे चालतात. म्हणजे दोन्ही एकत्र जमतं की!

तर जाणकारांनी प्लीज सांगा, संस्था कशी निवडायची, आणि ओळखीच्यांकडे पैसे कसे मागायचे? मला जाम भीड वाटते. शिवाय आमच्यातल्या एका ताईंचे गुडघे दुखतात पण त्यांना यायचंच आहे, त्यांचं काय करावं?

प्रतिसाद १

छान विचार आहे, नक्की करा. आधी एक बघून घ्या, तुम्ही भरता त्या फीमधला किती भाग संस्थेला जातो ते. बऱ्याच ठिकाणी फी रस्ता, पाणी, टायमिंग चिप, मेडल ह्यातच संपते आणि संस्थेला मिळतात ते धावणाऱ्यांनी वेगळे जमवलेले पैसे. विंग्ज फॉर लाइफ वर्ल्ड रनसारख्या रन वेगळ्या, तिथे सगळी एंट्री फी मणक्याच्या दुखापतींवरच्या संशोधनाला जाते. तुम्ही सरळ आयोजकांना ईमेल करून विचारा, स्पष्ट उत्तर आलं नाही तर दुसरी रन बघा.

चॅरिटी बिब (संस्थेमार्फत मिळणारा, छातीवर लावायचा नंबरचा कागद) घेणार असाल तर अटी नीट वाचा, त्यात कमीत कमी अमुक रक्कम जमवायची असं असतं आणि कमी पडले तर काही ठिकाणी पदरचे घालावे लागतात. पहिल्यांदाच करताय तर साधं फंडरेजिंग पेज काढा, पैसे थेट संस्थेच्या खात्यात जातील असं, तुमच्या खात्यात घेऊच नका, म्हणजे हिशोबाची कटकट नाही. आणि भिडेचं म्हणाल तर ग्रुपवर एकच मोठा मेसेज टाकू नका, तो कोणी वाचत नाही. एकेकाला नाव घेऊन दोन ओळी लिहा, कशासाठी धावताय ते आणि लिंक. पहिली देणगी स्वतःची टाका, रिकाम्या पेजवर पैसे द्यायला लोक कचरतात. कोणी नाही म्हटलं तर परत विचारायचं नाही, बास.

प्रतिसाद २

वरच्याला +१. ताईंनी आधी डॉक्टरांना विचारावं, ते हो म्हणाले तर ५के चालत करू देत. नाव देताना कटऑफ टाइम (किती वेळात संपवायची ती मर्यादा) तेवढा बघा, चालणाऱ्यांना पुरेल एवढा आहे ना. मजेचं म्हणाल तर वेशभूषा करा! लंडन मॅरेथॉनमध्ये २००२ साली लॉइड स्कॉट पाणबुड्याचा जुना अवजड सूट घालून उतरले होते, पाच दिवसांहून जास्त लागले पण ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कॅन्सर झालेल्यांसाठी निधी जमवला, स्वतः त्यातून बरे झालेले. मात्र जे घालाल ते घालून आधी एकदा लांब पळून बघा, शिवणी काखेत आणि मांड्यांत फार काचतात, तिथे व्हॅसलीन लावा.

धागाकर्ती

खूप खूप आभार दोघांचे! आयोजकांना ईमेल केली आत्ताच. ताई ५के चालणार, डॉक्टरांची वेळ घेतलीय. वेशभूषेवर मैत्रीण एकदम खूश, सगळ्यांनी फुलपाखरं व्हायचं म्हणतेय. पाठीवर पंख लावून कोणी धावलंय का, वारा आला की त्रास होतो का? आणि बिब पुढे लावायचा असतो ना, मग पंखांचे पट्टे त्याच्यावर आले तर त्यातली टायमिंग चिप रीड होते की नाही?