शब्दांकन करणाऱ्याला लेखक म्हणावे का?

प्रश्न : काना-मात्रा

गेली दोन वर्षे मी एका निवृत्त शिक्षिकेच्या आठवणींचे शब्दांकन करीत आहे. बाई बोलत गेल्या, मी ध्वनिमुद्रण केले, ते उतरवून काढले, पुनरुक्ती गाळली, प्रसंगांचा क्रम लावला आणि त्यातून सुमारे २०० पानांचे हस्तलिखित उभे राहिले. मुखपृष्ठावर लेखक म्हणून कोणाचे नाव घालायचे, असे प्रकाशकांनी आता विचारले आहे. "आयुष्य माझे असेल, पण पुस्तक तू लिहिले आहेस," असे बाई म्हणतात. मला मात्र ते नाव घेताना संकोच वाटतो आणि, खरे सांगायचे तर, न घेतानाही थोडे वाईट वाटते.

माझे काम नेमके कोणत्या प्रकारचे आहे हे कळावे म्हणून एक नमुना देते. पती गेल्यानंतरच्या दिवसांविषयी बाई ध्वनिफितीत म्हणतात : "ते गेले. मग काय, आठवड्याने शाळेत गेले, तास घेतले." हस्तलिखितात मी लिहिले आहे : "त्यांच्या जाण्याने घर सुन्न झाले होते, तरीही आठवड्याभरात मी शाळेत गेले आणि नेहमीसारखे तास घेतले." हे वाक्य कोणाचे मानावे?

प्रतिसाद : बोरूबहाद्दर

'लेखक' हा शब्दच आपल्याकडे अर्थ बदलत आला आहे. ज्ञानेश्वरीच्या शेवटच्या ओवीत शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, टीका ज्ञानेश्वरांनी केली असे म्हटले आहे आणि लगेच पुढे सच्चिदानंदबाबा 'लेखकु जाहला' असे येते. म्हणजे रचना करणारा वेगळा आणि लेखक, अर्थात उतरवून घेणारा, वेगळा. त्या अर्थाने आपण निःसंशय लेखक आहात आणि बाई कर्त्या आहेत. पुढे 'लेखक' हा शब्द कर्त्याला चिकटला आणि उतरवून घेणाऱ्याच्या वाट्याला 'लेखनिक' उरला.

पण लेखनिक म्हणजे नुसता हात, असेही आपल्या परंपरेने मानलेले नाही. व्यास-गणपतीच्या कथेत गणपतीची अट अशी की सांगणे मध्येच थांबू नये, आणि व्यासांची उलट अट अशी की अर्थ उमगल्याशिवाय अक्षर लिहू नये. उतरवून घेणाऱ्याने समजून घेतलेच पाहिजे, हे कथेने गृहीत धरले आहे. मात्र समजले म्हणून गणपतीने स्वतःचा श्लोक घातल्याचे कोणी सांगत नाही. आपण तो घातला आहे.

प्रतिसाद : कलम-पोटकलम

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो. घडलेल्या घटनांवर किंवा कल्पनेवर स्वामित्वहक्क नसतो. ती ज्या शब्दांत मांडली, त्या मांडणीवर असतो. लेखकाला हक्काचा धनी मानण्याची सुरुवात इंग्लंडच्या १७१० च्या कायद्यापासून धरतात. तोपर्यंत छपाईचे हक्क व्यवहारात मुद्रक आणि ग्रंथविक्रेते यांच्या संघाच्या हाती होते. नव्या पुस्तकांसाठी या कायद्याने लेखकाला १४ वर्षांचा आणि तो हयात असल्यास आणखी १४ वर्षांचा हक्क दिला. पुढे लेखकांच्या हक्कांसंबंधीचा १८८६ चा आंतरराष्ट्रीय बर्न करार झाला आणि १९२८ मध्ये रोम येथे त्यात जी भर पडली, ती आपल्या प्रश्नाला अधिक जवळची आहे : आर्थिक हक्क विकून टाकल्यानंतरही कर्ता म्हणवून घेण्याचा आणि आपल्या नावलौकिकाला बाधा येईल अशा मोडतोडीला हरकत घेण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. प्रस्तुत पुस्तकात शब्द दोघींचे मिसळलेले असल्यामुळे नाव, मानधन आणि पुढील आवृत्त्या यांविषयी छपाईपूर्वीच लेखी करार करावा. स्नेह आहे म्हणून करार टाळला की पुढे दोन्हींची ओढाताण होते.

प्रतिसाद : दुसरे मुद्रित

कराराचा मुद्दा मान्य आहे, परंतु करार हक्क कोणाचा एवढेच सांगेल. मी अनेक वर्षे मुद्रिते तपासली आहेत आणि लेखक कोण हे ओळखायची माझी कसोटी वेगळी आहे : एखाद्या वाक्यावर कोणी बोट ठेवले, तर उत्तर द्यायला कोण उभे राहणार?

फ्रेंच विचारवंत मिशेल फुको यांनी 'लेखक म्हणजे काय?' या १९६९ च्या व्याख्यानात एक उपयुक्त भेद केला होता. खासगी पत्राखाली सही करणारा असतो, करारपत्राला हमीदार असतो, पण त्यांना आपण लेखक म्हणत नाही. मला वाटते, लेखकात या दोघांचाही थोडा अंश असावा लागतो. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने तर हे नियमातच आणले आहे. कामात भरीव वाटा, मसुदा लिहिणे किंवा त्याची चिकित्सक दुरुस्ती, अंतिम मजकुराला संमती या तीन अटींना २०१३ मध्ये चौथी जोडली गेली, ती उत्तरदायित्वाची. केवळ भाषा सुधारून देणाऱ्याचे तिथे आभार मानतात, त्याला लेखक म्हणत नाहीत.

आता आपल्या नमुन्याकडे येतो. 'घर सुन्न झाले' ही सजावट आहे. मला ती आवडली नाही, पण ती काढता येते. खरी गोम 'तरीही' या एका शब्दात आहे. बाईंच्या वाक्यात दोन गोष्टी शेजारी ठेवलेल्या आहेत. त्यांचा संबंध काय, हे त्यांनी सांगितलेले नाही. आपण 'तरीही' घालून दुःखावर मात करणारी एक स्त्री उभी केलीत. ती बाईंनी पाहिली आहे का? हस्तलिखित त्यांना दिले असेलच, पण वाचायला देणे आणि असा एकेक शब्द दाखवून विचारणे यांत फरक आहे. त्यांनी तो मान्य केला तर वाक्य त्यांचे. केला नाही आणि तरी आपण ठेवला, तर लेखक आपण, आणि मग पुस्तक आठवणींचे राहत नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर : काना-मात्रा

सर्वांचे आभार. काल हस्तलिखित घेऊन बाईंकडे गेले आणि तेवढे एकच वाक्य मोठ्याने वाचून दाखवले. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "तरीही कशाला? परीक्षा तोंडावर आल्या होत्या, म्हणून गेले." त्यांनी पेन मागून घेतले, 'तरीही' खोडले आणि समासात 'म्हणून'चे वाक्य स्वतःच्या अक्षरात लिहिले. 'सुन्न' मात्र त्यांनी राहू दिले.

अशी ठिकाणे आणखी किती आहेत ते शोधायला मी ध्वनिफिती पुन्हा ऐकायला घेतल्या आहेत. पहिल्या ३० पानांत अकरा सापडली. प्रकाशकांना नावासाठी महिनाभर थांबायला सांगितले आहे.