विनोद, लोकप्रिय मालिका आणि आयुष्याचे मोल: न पटणारी मते कशी मांडावीत?

दूरस्थ

माझी तीन मते अशी आहेत की ती बोलून दाखवली की समोरचा माणूस एकतर मला शिष्ट समजतो, नाहीतर माझे काहीतरी बिनसले आहे असे धरून चालतो. ती येथे सविस्तर मांडतो आणि मग माझा प्रश्न विचारतो.

पहिले मत विनोदाविषयी आहे. एखाद्याच्या दिसण्यावर, बोलण्याच्या ढबीवर किंवा अडखळण्यावर उभा राहिलेला विनोद मला हसवत नाही, आणि तो विनोद म्हणूनही निकृष्ट असतो असे मला वाटते. कोणी हसायचे आणि कोणाला हसायचे हे त्यात आधीच ठरलेले असते, त्यामुळे अनपेक्षित असे काही घडतच नाही.

दुसरे मत लोकप्रिय मालिका आणि चित्रपट यांच्याविषयी आहे. ‘सगळे पाहत आहेत’ ही शिफारस मला शिफारस वाटत नाही. गाजलेल्या कलाकृतींपैकी बऱ्याच मुख्यतः गाजत असल्यामुळेच आणखी गाजतात, आणि त्यांच्या जागी तितक्याच दर्जाचे दुसरे काहीतरी सहज असू शकले असते, असे माझे मत आहे.

तिसरे मत मला सर्वांत जवळचे आहे आणि तेच बोलणे सर्वांत अवघड जाते. माणसाच्या आयुष्याचे मोल त्याने काय मिळवले यावर अवलंबून नसते, हे तत्त्व म्हणून सगळेच मान्य करतात. पण अपघातात तरुण गेला की तो किती हुशार होता, त्याच्यापुढे केवढे भविष्य होते, हे बातमीत आवर्जून सांगितले जाते. जो हुशार नव्हता, ज्याच्यापुढे सांगण्याजोगे भविष्य नव्हते, त्याच्या जाण्याचे दुःख कमी मानायचे काय? असे विचारले की लोक गप्प होतात, आणि ती शांतता सहमतीची नसते.

माझा प्रश्न असा आहे की अशी मते बाळगणाऱ्याने ती कोठे आणि किती बोलावीत. प्रत्येक वेळी गप्प राहणे मला अप्रामाणिक वाटते आणि प्रत्येक वेळी बोलणे इतरांच्या आनंदात विघ्न आणणारे वाटते. शिवाय ही मते खरोखर इतकी एकाकी आहेत, की ती असणारे इतरही गप्पच बसतात?

तिर्यक

मी फक्त विनोदाबद्दल लिहितो, कारण तेथे आपण दोन निराळी विधाने एकत्र केली आहेत. ‘मला हसू येत नाही’ हे आपल्या अनुभवाचे वर्णन आहे आणि त्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही. ‘हा विनोद निकृष्ट आहे’ हा मात्र निवाडा आहे, आणि त्यासाठी दिलेले कारण मला पुरेसे वाटत नाही.

दुसऱ्याच्या वैगुण्यावर हसणे हा हास्याचा अपभ्रष्ट प्रकार नसून कदाचित सर्वांत जुना प्रकार आहे. इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्स याने 1651 मध्ये हास्याचा उगमच तेथे दाखवला: दुसऱ्यातील उणीव दिसताच स्वतःच्या श्रेष्ठत्वाची जी अचानक जाणीव होते, तिचा तो उद्गार. फ्रेंच तत्त्वज्ञ आन्री बर्गसाँ याने 1900 मध्ये म्हटले की हसण्यासाठी हृदयाला क्षणभर बधिर व्हावे लागते. ज्याच्याविषयी करुणा वाटते त्याच्यावर आपण त्या क्षणी हसू शकत नाही. हे खरे असेल तर आपल्याला अशा प्रसंगी हसू न येण्याचे कारण विनोदाच्या रचनेत नाही. आपले हृदय त्या क्षणी बधिर होत नाही, एवढेच. ही गोष्ट चांगली आहे, पण ती आपल्याविषयीची गोष्ट आहे.

भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याचे स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे सहा भेद आहेत आणि ते उत्तम, मध्यम, अधम अशा प्रकृतींत दोन दोन करून वाटलेले आहेत. मला त्यातील लक्षणीय बाब ही वाटते की ही प्रतवारी हसणाऱ्याची आहे, ज्याच्यावर हसले जाते त्याची नाही. आपल्या मताला आधार हवा असेल तर तो या बाजूने शोधावा. ‘यात अनपेक्षित काही नाही’ असे म्हणाल तर कोणीतरी अडखळण्यावरचा अत्यंत अनपेक्षित विनोद सांगून आपल्याला निरुत्तर करील. ‘असे हसताना आपण कोण होतो’ असे विचाराल तर उत्तर देणे इतके सोपे राहणार नाही.

हाच विनोद स्वतः अडखळत बोलणारा माणूस रंगमंचावर उभा राहून करतो तेव्हा काय होते, हेही आपण सांगितले पाहिजे. शब्द तेच असतात, प्रेक्षकही तेच असतात. मला तेथे हसू येते आणि ते मला गैर वाटत नाही.

वाळूघड्याळ

लोकप्रियतेविषयीच्या आपल्या मताला प्रायोगिक आधार आहे, पण तो अर्धाच आहे, आणि उरलेला अर्धा आपल्या विरोधात जातो. मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या संशोधकांनी 2006 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. चौदा हजारांहून अधिक लोकांना 48 अपरिचित गाणी ऐकवण्यात आली. काहींना केवळ गाणी दिसत होती. इतरांना आठ स्वतंत्र गटांत विभागले होते, आणि आपल्या गटातील किती जणांनी कोणते गाणे उतरवून घेतले (डाउनलोड केले) हे त्यांना दिसत होते. आकडे दिसताच गाजलेली आणि पडलेली गाणी यांतील अंतर वाढले, आणि एका गटात वर आलेले गाणे दुसऱ्या गटात वर येईलच असे राहिले नाही. येथपर्यंत आपले म्हणणे खरे ठरते.

परंतु स्वतंत्रपणे ऐकणाऱ्यांना जी गाणी सर्वांत चांगली वाटली होती ती क्वचितच तळाला गेली, आणि सर्वांत वाईट वाटलेली क्वचितच वर आली. दैवाचा खेळ चालला तो मधल्या मोठ्या पट्ट्यात. म्हणजे एखादी मालिका गाजली यावरून ती चांगली आहे असे सिद्ध होत नाही, तसेच ती केवळ गाजल्यामुळे गाजली असेही कोणत्याही एका मालिकेबद्दल म्हणता येत नाही. त्यासाठी ती पाहावी लागते. न पाहता नाकारणारा माणूसही लोकप्रियतेच्याच आकड्यावरून निर्णय घेत असतो, फक्त उलट्या दिशेने.

सगळ्यांनी पाहिलेली गोष्ट पाहण्याचा एक उपयोग तिच्या दर्जाशी निगडित नाही, हेही सांगायला हवे. अनोळखी माणसाशी बोलायला तो एक सामाईक विषय असतो. दर्जाच्या वादात या उपयोगाला किंमत नसते, पण माणसांमध्ये असते.

आता आपल्या शेवटच्या प्रश्नाकडे वळतो, कारण मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जर्मन संशोधक एलिझाबेथ नोएल-नॉयमान यांनी 1974 मध्ये मांडलेला ‘मौनाचे आवर्त’ हा सिद्धांत हेच सांगतो: आपले मत अल्पमतात आहे असे वाटणारे लोक गप्प बसतात, त्यामुळे ते मत आहे त्याहून दुर्मिळ भासते, आणि आणखी लोक गप्प होतात. त्याहूनही मला मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांचे 1950 च्या दशकातील प्रयोग महत्त्वाचे वाटतात. रेषांची लांबी ओळखण्यासारख्या साध्या कामातही सगळा गट ठरवून चुकीचे उत्तर देत असला की सुमारे एक तृतीयांश वेळा माणसे गटामागे गेली. गटात बरोबर उत्तर देणारा एक जण जरी असला तरी हे प्रमाण झपाट्याने घटले. आपण बोललात तर बहुमत बदलणार नाही, हे मान्य. पण त्या खोलीत आपल्यासारखाच एखादा गप्प बसलेला असेल, तर आपले एक वाक्य त्याच्या कामी येते, आणि बोलण्याला तेवढे कारण मला पुरते.

समुद्रपक्षी

तिसऱ्या मताबद्दल मला आपल्याशी थोडे भांडायचे आहे, कारण मला ते मनापासून पटते आणि ते सैलपणे मांडलेले मला पाहवत नाही.

शब्दांत हे मत अप्रिय नाहीच. 1948 च्या मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्याचे पहिलेच कलम सर्व माणसे प्रतिष्ठेने आणि अधिकारांनी समान जन्मतात असे सांगते. त्याच्या बऱ्याच आधी, 1785 मध्ये, जर्मन तत्त्वज्ञ कांट याने किंमत आणि प्रतिष्ठा यांत भेद केला होता: ज्याला किंमत असते त्याच्या जागी तेवढ्याच किमतीचे दुसरे ठेवता येते, माणसाच्या बाबतीत ते शक्य नाही. अडचण येते ती हे तत्त्व खर्चाच्या आणि निवडीच्या प्रश्नांना भिडते तेव्हा. उपचारांवर सार्वजनिक पैसा खर्च करताना अनेक ठिकाणी आयुष्याची वर्षे आरोग्याच्या दर्जानुसार मोजतात. पूर्ण आरोग्याचे एक वर्ष म्हणजे एक, आजारातले वर्ष त्याहून कमी. अपंग व्यक्तींच्या बाजूने बोलणारे या पद्धतीवर बरोबर आक्षेप घेतात की यात त्यांच्या जगण्याची वर्षे मुळातच कमी धरली जातात. पण ही पद्धत टाकून दिली तरी निवड करावीच लागते. औषध एकालाच पुरेल आणि रोगी दोन असतील, तर दोघांचे मोल समान आहे एवढे म्हटल्याने औषध कोणाला द्यायचे हे ठरत नाही.

जॉन टॉरेक या तत्त्वज्ञाने 1977 मध्ये या टोकापर्यंत जाण्याचे धाडस केले. एका बाजूला एक अनोळखी माणूस आणि दुसऱ्या बाजूला पाच असतील, तर केवळ पाच आहेत म्हणून त्यांनाच वाचवण्याचे बंधन नाही, नाणे उडवून प्रत्येकाला समान संधी द्यावी, असे त्यांनी मांडले, कारण पाच जणांचे नुकसान एकत्र भोगणारा असा कोणी नसतो. बहुतेकांना हे भयंकर वाटते, मलाही ते पटत नाही. तरीही त्यांनी आपल्या मताचे परिणाम शेवटपर्यंत पाहिले म्हणून मला त्यांच्याविषयी आदर आहे. आपले मत कोठपर्यंत जाते हे आपण अजून सांगितलेले नाही.

आणि बातमीचे उदाहरण मी वापरले नसते. ‘तो किती हुशार होता’ असे आई सांगते तेव्हा ती मुलाचे मूल्यमापन करत नसते. दुःखाला तपशील लागतो, आणि तिच्या हाताशी जो तपशील आहे तो ती देते. ज्याच्याजवळ शाळेतले यश नव्हते त्याच्याविषयी ती दुसरे काही सांगेल, त्याचे हसणे, त्याची चालण्याची तऱ्हा. शोक करणाऱ्या माणसासमोर हे मत तत्त्व म्हणून मांडणे मला सर्वस्वी अयोग्य वाटते.

दूरस्थ

तिघांचेही आभार. आईच्या बोलण्याविषयी जे लिहिले ते मला पूर्ण मान्य आहे, आणि माझा रोख तिच्यावर नव्हता. आई अनेक गोष्टी सांगते. त्यांतली कोणती छापायची हे बातमी करणारा ठरवतो, आणि त्याच्याकडे चालण्याची तऱ्हा गळते, गुण आणि पदवी उरतात. ही निवड सवयीने होते, कोणी दुष्टपणे करत नाही, आणि म्हणूनच तिच्याविषयी बोलावे असे मला वाटते, शोक करणाऱ्या घरात नव्हे, तर बातम्या लिहिणाऱ्यांशी आणि वाचणाऱ्यांशी.

तिर्यक यांनी विचारलेल्या प्रश्नामुळे माझ्या पहिल्या आणि तिसऱ्या मताचा संबंध मला अधिक स्पष्ट झाला. अडखळणारा माणूस स्वतः विनोद करतो तेव्हा मलाही हसू येते, कारण तेथे त्याची प्रत कमी ठरत नाही; प्रेक्षकांना हसवण्याची सूत्रे त्याच्याच हाती असतात. दुसरा कोणी तेच करतो तेव्हा हशा पिकतो तो हा माणूस आपल्यापेक्षा कमी आहे या गृहीतावर, आणि माझा विरोध त्या गृहीताला आहे. म्हणून ‘अनपेक्षित’ हे कारण मी यापुढे पुढे करणार नाही.

मालिकांविषयीचे मत मात्र मी गप्पांत काढणे सोडून देईन. ते खरे असले तरी त्यावाचून कोणाचे काही अडत नाही. दोन रोग्यांच्या प्रश्नावर माझा कल चिठ्ठी टाकण्याकडे आहे, निदान दोघांची निकड सारखी असेल तेव्हा. एक आणि पाच यांच्या बाबतीत मात्र मी टॉरेक यांच्याबरोबर जाऊ शकत नाही. पाच जणांपैकी प्रत्येकाला त्या एकाइतकेच मोजले की पाचांचे पारडे जड होते, आणि मला तेच समानतेचे फळ वाटते. समुद्रपक्षी, पाचांचे नुकसान एकत्र भोगणारा कोणी नसतो या युक्तिवादाला आपले उत्तर काय आहे, ते वाचायला मला आवडेल.

समुद्रपक्षी

माझे उत्तर आपल्याच दिशेचे आहे. एकत्र भोगणारा कोणी असण्याची गरजच नाही. समजा एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला एक असे असताना आपण नाणे उडवणार आहोत, आणि तेवढ्यात दुसऱ्या बाजूला आणखी एक माणूस येतो. तरीही आपण पूर्वीसारखेच नाणे उडवले, तर त्या तिसऱ्याच्या असण्याने आपल्या निर्णयात काहीच फरक पडला नाही. त्याने विचारले की मला मोजले का नाही, तर त्याला देण्याजोगे उत्तर माझ्यापाशी नाही. टॉरेक म्हणतील की त्यालाही अर्धी संधी मिळालीच. मला ते अपुरे वाटते, पण का अपुरे वाटते हे तिसऱ्या माणसाचा आधार न घेता मला अजून सांगता आलेले नाही.