'सेट': तुमच्या कामात हा शब्द कुठे भेटतो?

मंडळी, इंग्रजीतल्या 'सेट' या शब्दाचे अनुभव गोळा करायला हा धागा काढते आहे. 1989 साली ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची 20 खंडांची दुसरी आवृत्ती आली, तेव्हा त्यातली सर्वांत लांब नोंद याच शब्दाची होती. नुसत्या क्रियापदाचेच चारशेच्या वर अर्थ. पुढे कोशाच्या सुधारणेत 'रन'ने त्याला मागे टाकलं, तरी पसारा काही कमी झाला नाही.

दागिन्यांचा सेट, टेनिसचा सेट, गजर सेट करणं हे आपण मराठी समजूनच बोलतो. मी भाषांतराचं काम करते आणि या शब्दापाशी दर वेळी थांबते, कारण त्याच्यासाठी आपल्याकडे क्रियापदांची रांग उभी असते. सूर्य मावळतो, खडा जडवतात, सापळा लावतात, तारीख ठरवतात, पानं मांडतात. ही क्रियापदं कामाच्या जागी टिकली तरच टिकतील असं मला मनापासून वाटतं. म्हणून विचारते: तुमच्या कामात 'सेट' म्हणजे काय, आणि तिथली माणसं त्याला आणखी काय म्हणतात? सविस्तर लिहा.

दुग्धप्रकल्पात काम, सांगली

आमच्याकडे दह्याच्या 'सेट' आणि 'स्टर्ड' (ढवळलेलं) अशा दोन जाती. सेट दह्यात विरजण घातलेलं दूध पातळ असतानाच कपात भरतात, वर झाकण सील करतात आणि कप उबदार खोलीत ठेवतात. म्हणजे दही ज्या कपात विकलं जातं त्याच कपात तयार होतं. आंबटपणा वाढत सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप) 4.6 च्या आसपास आला की केसिन हे प्रथिन एकमेकांना धरून जाळं करतं. मग कप लगेच थंड खोलीत. या वेळात कोणी ट्रे आपटला तर दही मोडतं आणि पाणी सुटतं. स्टर्डमध्ये दही मोठ्या टाकीत लावतात आणि ढवळून मग भरतात. कागदोपत्री सगळं इंग्रजीत असलं तरी पाळीवरचे लोक दार किलकिलं करून एकमेकांना विचारतात, "लागलं का?" कवडी छान पडली की कोणालाही वेगळं सांगावं लागत नाही.

घरगुती पदार्थ करून विकते, रत्नागिरी

वरचं वाचून राहवलं नाही. हल्ली पाककृतींच्या व्हिडिओत सगळंच 'सेट होऊ द्या' असतं: वडी, खरवस, पुडिंग, दही, चॉकलेट. त्यामुळे नवीन शिकणाऱ्याला नेमकं काय होणार तेच कळत नाही. दही लागतं, साय धरते, तूप थिजतं, कढी आळते. प्रत्येक शब्दात पुढची सूचना आहे. थिजलेलं ऊन केलं की पुन्हा पातळ होतं, लागलेलं दही काही केल्या परत दूध होत नाही. आळलेल्या कढीत पाणी घालून सारखं करता येतं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी चायना ग्रासबद्दल असंच सांगते, की हा थिजणारा आहे, नीट झाला नाही तर परत उकळून विरघळवा, टाकून देऊ नका. खरवस मात्र एकदा वाफवला की झाला तो झाला, त्यामुळे चिकाला दूध किती घालायचं ते आधीच बघायचं. एवढा फरक एका 'सेट'मध्ये कुठे मावणार?

बांधकाम साइटवर अभियंता, नाशिक

ताईंचा हिशेब लावला तर सिमेंट 'लागणाऱ्यां'च्या जातीचं. ते वाळून घट्ट होतं असा समज सगळीकडे आहे, पण तसं नाही. पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होते, पाण्याखालीसुद्धा होते, आणि ती उलटी फिरत नाही. साध्या पोर्टलँड सिमेंटला भारतीय मानकात दोन वेळा दिल्या आहेत. प्राथमिक सेटिंग, म्हणजे धरायला लागणं, 30 मिनिटांच्या आत होता कामा नये, आणि अंतिम सेटिंगला, म्हणजे पूर्ण धरायला, 600 मिनिटांपेक्षा जास्त लागता कामा नये. प्रयोगशाळेत विकॅटच्या यंत्राची सुई सिमेंटच्या लगद्यात सोडतात आणि ती किती खोल जाते ते बघतात. सिमेंट फार लवकर धरू नये म्हणून कारखान्यात दळतानाच त्यात जिप्सम घालतात.

आणखी एक. सेट होणं आणि ताकद येणं या दोन गोष्टी आहेत. दुसऱ्या दिवशी स्लॅबवर चालता येतं म्हणून घरमालक खूश असतो, पण ताकद आपण 28 दिवसांची धरतो आणि तोवर पाणी मारणं महत्त्वाचं. साइटवर माल, म्हणजे कालवलेलं काँक्रीट, धरायला लागला की कोणीतरी वरून पाण्याचा डबा ओततो. मऊ दिसतो, थापायला सोपा जातो. तिथे मी कामच थांबवतो. धरलेला माल पाण्याने पुन्हा ताजा होत नाही, कमजोर मात्र होतो.

परिचारिका, सोलापूर

आमच्या चिठ्ठीवर 'सेट' म्हणजे सलाईनचा सेट: बाटलीत खुपसायचं टोक, थेंब पडतात ती छोटी कुपी, नळी आणि वेग कमी-जास्त करायचं चाक. मोठ्यांच्या सेटमध्ये एका मिलिलिटरचे साधारण 15 ते 20 थेंब, लहान बाळांच्या मायक्रो सेटमध्ये 60. हा 60 चा आकडा रात्रपाळीत फार कामाचा. मिनिटाला जितके थेंब, तासाला तितके मिलिलिटर.

हाडांच्या वॉर्डात हाच शब्द वेगळा होतो. 'फ्रॅक्चर सेट केलंय' असं ऐकलं की नातेवाईक विचारतात, "म्हणजे जुळलं ना?" मी सांगते, "आजी, हाड जागेवर बसवलंय. जुळायला अजून काही आठवडे जातील." बसवणं आणि जुळणं असे दोन शब्द दिले की प्लास्टर का सांभाळायचं ते त्यांना आपोआप समजतं. आमच्या डॉक्टरांनाही मी हेच शब्द वापरायला सांगितलंय आणि ते वापरतात.

गणित शिक्षक

नववीच्या पुस्तकातलं पहिलंच प्रकरण 'संच'. मला हा शब्द फार आवडतो, रिक्त संच, उपसंच अशी त्याची पिल्लंही छान निघतात. स्टाफरूममध्ये मात्र 'पेपर सेट करणं' चालतं. पेपर काढणं म्हटलं तर काय बिघडतं?

इंग्लंडमधून

इथल्या बऱ्याच शाळांत गणितासाठी मुलांना 'सेट'मध्ये घालतात. ज्याची जशी तयारी तसा त्याचा सेट, आणि वर्षात बदलूही शकतो. लेकीने आजीला फोनवर सांगितलं तेव्हा आजी म्हणाली, "म्हणजे तुकडी." पण आपली अ-ब-क तुकडी सगळ्या विषयांना एकच असते. इथे मूल गणितात पहिल्या सेटमध्ये आणि इंग्रजीत तिसऱ्या सेटमध्ये असू शकतं. तेव्हा घरात आम्ही 'गणिताची तुकडी' म्हणतो आणि ते चपखल बसलंय.

बॅकस्टेज, मुंबई

आमच्यात सेट 'लावतात' आणि 'उतरवतात'. गाडीतून फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंतींच्या सपाट चौकटी, काढायचे, ओळीने उभे करायचे, मागून टेकू द्यायचे, दार-खिडकी दोनदा उघडून बघायची. दार अडकलं तर कलाकाराची एंट्री गेली. जाहिरातीत मात्र 'नेपथ्य' छापतात. संस्कृत नाटकात 'नेपथ्ये' अशी सूचना आली की आवाज पडद्यामागून येतो, म्हणजे हा शब्द मुळात आम्ही उभे असतो त्या जागेचा. आज तो समोर दिसणाऱ्या रचनेला आणि ती योजणाऱ्याच्या नावापुढे लागतो. मला वाटतं श्रेयनामावलीत 'नेपथ्य' याच्या खाली 'सेट लावणारे' अशी एक ओळ नावांसकट यायला हवी. काही निर्माते ती छापतात, बाकीच्यांनीही छापावी.