बाहा टीमसाठी स्पॉन्सर कसे पकडायचे? ६० मेल टाकले, रिप्लाय १

चाकावरचा_चिखल
नमस्कार मंडळी. मी थर्ड इयर मेकॅनिकल, कॉलेज कोल्हापूर साईडला. आमच्या क्लबची बाहा एसएई इंडियाची टीम आहे (एका सीटची ऑफ-रोड गाडी पोरांनीच बनवायची आणि इव्हेंटला पळवायची, माहीत नसेल त्यांच्यासाठी). मला इंग्लिश बरं येतं एवढ्यावर यावर्षी स्पॉन्सरशिप माझ्या गळ्यात मारलीय. बजेट साडेसात लाख, त्यातले दोन कॉलेज देतं, २८ मेंबर पाच-पाच हजार काढतात म्हणजे १ लाख ४० हजार, उरलेल्या चार लाखांची बोंब. गोल्ड-सिल्व्हर-ब्रॉन्झ पॅकेजवालं २२ पानी ब्रोशर केलं, मोठमोठ्या कंपन्यांच्या वेबसाईटवरचे मेल आयडी काढून ६० मेल टाकले. एकाचा रिप्लाय आला, "सीएसआर टीमकडे फॉरवर्ड केलंय" (सीएसआर म्हणजे कंपन्यांनी नफ्यातून समाजासाठी करायचा खर्च), त्याला आता दीड महिना झाला. एका ठिकाणी डायरेक्ट गेलो तर वॉचमनने रजिस्टरमध्ये नाव लिहून घेतलं आणि तासभर उभं करून परत पाठवलं. नक्की कुणाला भेटायचं, आणि सीएसआरमधून खरंच पैसे मिळतात का? अनुभव असेल त्यांनी सांगा प्लीज.

शिरोलीकर
भावा, गणपतीची वर्गणी आणि तुझं ब्रोशर यात फरक काय ते सांग आधी. मंडळाची पोरं निदान पावती तरी फाडतात 😂

जुना_कॅप्टन
वरच्याने चेष्टा केली पण मुद्दा तोच आहे. मी चार वर्षांपूर्वी टीम कॅप्टन होतो, सध्या पुण्यात नोकरीला. पहिल्या वर्षी मी पण हेच केलं होतं, फक्त माझं ब्रोशर ३० पानी होतं.

पैसे मागणं बंद कर. आधी बीओएम (गाडीला लागणाऱ्या सगळ्या सामानाची यादी) समोर घे आणि एकेका ओळीपुढे लिही की ही वस्तू किंवा हे काम कुणाकडे पडून असतं. रोल केजचा (ड्रायव्हरभोवतीचा पिंजरा) पाईप, टिग वेल्डिंग, लेझर कटिंग, पावडर कोटिंग, हब आणि नकल (चाक धरणारे भाग) यांचं मशिनिंग. यातलं निम्मं काम शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत रोज चालतं, मोठ्या कंपनीच्या हेड ऑफिसला मेल टाकून काय मिळणार तुला? सॉफ्टवेअरला तर एक रुपया घालू नको, सॉलिडवर्क्स, अ‍ॅन्सिस, अल्टेअर हे सगळे स्टुडंट टीमला लायसन्स देतात, फक्त अर्ज कॉलेजच्या मेलवरून गेला पाहिजे, जीमेलवरून नाही.

आमची गोष्ट सांगतो. सिनियरच्या काकांच्या ओळखीने एका मशीन शॉपवाल्या मालकांकडे गेलो, ब्रोशर काढलं तर त्यांनी ते बाजूला ठेवलं, म्हणाले ड्रॉइंग आणलंय का? नशिबाने नकलचं प्रिंट बॅगेत होतं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पाच मिनिटं बघितलं आणि एका कडेवर बोट ठेवून विचारलं, बेअरिंगच्या बोअरला १० मायक्रॉन ठीक आहे रे, पण ही बाहेरची कड कशात बसते? आम्ही गप्प, कारण ती कशातच बसत नव्हती, कॅडमध्ये सगळीकडे एकच टॉलरन्स (मापात चालणारा फरक) टाकून दिलेला. मग लाल पेनने सात ठिकाणी खुणा केल्या, चहा सांगितला, आणि म्हणाले हे सुधारून आणा, ॲल्युमिनियम तुमचं, व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) रिकामी असेल तेव्हा रात्रपाळीत लावतो. बाहेर त्याच जॉबचं कोटेशन ३८ हजार होतं!

बदल्यात काय दिलं? साईड पॅनलवर त्यांच्या फर्मचं नाव. ते पॅनल पिथमपूरला (मध्य प्रदेश, इव्हेंट तिथेच होता) चार तासांच्या एन्ड्युरन्स शर्यतीत तिसऱ्या लॅपलाच उडालं 🤦 पण परत आल्यावर आम्ही गाडी घेऊन त्यांच्या शॉपवर गेलो, कामगारांना आवारात चक्कर मारू दिली, तुटलेलं पॅनल त्यांना दिलं. पुढच्या वर्षी पावडर कोटिंगवाला त्यांनीच फोन करून मिळवून दिला. बहुतेक टीम इथेच माती खातात, इव्हेंट झाला की स्पॉन्सरला साधा फोटो पण जात नाही, मग पुढच्या बॅचने कुठल्या तोंडाने जायचं.

ताळेबंद
सीएसआरचं मी सांगते, मी एका कंपनीच्या अकाउंट्सला आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे नेटवर्थ ५०० कोटी किंवा टर्नओव्हर १००० कोटी किंवा नफा ५ कोटी, यातलं काहीही एक असेल तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करावे लागतात. पण गाडीवर लोगो लावून घेण्यासाठी दिलेले पैसे यात बसत नाहीत, मार्केटिंगच्या फायद्यासाठीची स्पॉन्सरशिप नियमातच वगळलीय. म्हणजे तुझं गोल्ड पॅकेज सीएसआर टीमकडे गेलं तिथेच ते मेलं, त्यांनी मुद्दाम टाळलं असं नाही. सीएसआर हवं असेल तर लॅब, वर्कशॉपची मशीनं असा शिक्षणाचा प्रोजेक्ट कॉलेजने मांडायचा, ट्रस्टचा सीएसआर-१ नंबर (सीएसआरचे पैसे घ्यायची सरकारी नोंदणी) लागतो, आणि त्याला वेळ जातो, या सीझनचं विसर.

लोगोचे पैसे जाहिरात खर्चातून येतात. ते मार्केटिंग नाहीतर प्लांट हेडच्या हातात असतात आणि नवीन बजेट एप्रिलपासून, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चला कानावर घालून ठेवलंस तर उपयोग. बिल लागेल, जीएसटीचा विषय निघेल, ते कॉलेजच्या अकाउंट्सला आधीच विचार. चेक कॉलेजच्या नावाने, ट्रेझररच्या यूपीआयवर कुठलीही कंपनी पैसे टाकणार नाही आणि टाकले तर तूच घेऊ नको. देणगीवरची करसवलत (८०जी म्हणतात ती) मिळेल असं पण परस्पर सांगत सुटू नका, २२ टक्केवाल्या टॅक्समध्ये गेलेल्या कंपन्यांना त्याचा फायदा नसतो, आणि वस्तू दिली तर कुणालाच नसतो.

एचआर_वाली_ताई
थोडं आमच्या बाजूचं. मला स्टिकरशी काही देणंघेणं नाही, मला ट्रेनी हवेत ज्यांनी हाताने काहीतरी बनवलंय. दोन पानी पत्र पाठव: टीममध्ये कोण काय करतं, तुमच्याकडून नेमकं काय हवंय (वस्तूचं नाव, साईज, नग), कधीपर्यंत. आणि कॉलेजचे माजी विद्यार्थी आमच्याकडे कुठल्या डिपार्टमेंटला आहेत ते शोधून त्यांच्यामार्फत ये. आतल्या माणसाने गेटवर फोन केला की वॉचमन पण खुर्ची देतो.

चाकावरचा_चिखल
बापरे, एवढं कुणी कॉलेजात पण सांगितलं नव्हतं. धन्यवाद सगळ्यांना 🙏 काल रात्री बीओएम घेऊन बसलो, चार लाखांतले साधारण सव्वादोन लाख वस्तू आणि जॉबवर्कमध्येच निघतायत. इंजिन, टायर आणि इव्हेंटचा प्रवास यांना मात्र कॅशच लागणार. टीपीओ (प्लेसमेंटवाल्या) सरांकडे माजी विद्यार्थ्यांची यादी मागितलीय, सोमवारी देतो म्हणालेत, बघू कुठला सोमवार. @शिरोलीकर दादा, वर्गणी म्हणालास ना, आता तूच सांग, पावडर कोटिंगवाला आहे का कुणी ओळखीचा?

शिरोलीकर
हाय की. गोकुळ शिरगावला दोस्ताचं युनिट हाय, व्यनि कर. पण आधी फ्रेमची लांबी-रुंदी-उंची टेपने मोजून पाठव, मागं एका टीमची फ्रेम ओव्हनच्या दारातच अडकली होती.