गळू कापलं, पण अँटिबायोटिक दिलंच नाही. चालतं का?

पिंपळपान:
नवऱ्याच्या मांडीला गळू झालं होतं. काल रात्री ठणका सहन होईना म्हणून इमर्जन्सीत नेलं. डॉक्टरांनी भूल देऊन चिरा दिला, पू काढला, आत गॉज भरलं आणि घरी पाठवलं. गोळ्या फक्त दुखण्याच्या! सासूबाई म्हणतात, अँटिबायोटिकशिवाय कसलं बरं होतंय. भोवती थोडी लाली आहे. दुसरीकडे दाखवू का?

रात्रपाळी:
मी इमर्जन्सीतच डॉक्टर आहे. गळवाचं खरं औषध म्हणजे चिरा. साचलेल्या पुवात रक्त फिरत नाही, मग गोळी तिथे पोचणार कशी? तरी सासूबाई अगदीच चूक नाहीत हं. २०१७ साली अमेरिकेतली एक चाचणी प्रसिद्ध झाली, ५ सेंमीपर्यंतच्या गळवांवर. पू सगळ्यांचाच काढला होता. नुसत्या निचऱ्यावर शंभरातले ६९ बरे झाले, जोडीला क्लिंडामायसिन किंवा कोट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक दिलं तेव्हा ८२-८३. फायदा आहे, पण क्लिंडामायसिनने जुलाबही होतात. ताप किंवा शुगर असेल तर मी देतोच. आहे का त्यांना?

पिंपळपान:
दोन्ही नाही. पण मागे माझी पोटरी लाल झाली तेव्हा नुसत्या गोळ्या दिल्या, कापलं नाही. असं का?

रात्रपाळी:
ते सेल्युलायटिस असणार, म्हणजे कातडीत पसरलेला जंतुसंसर्ग. तिथे पू साचलेलाच नसतो, कापून काढायचं काय? ते बहुतेक वेळा स्ट्रेप्टोकॉकस या जंतूचं काम, गळू बहुधा स्टॅफिलोकॉकसचं. आत पू आहे का याचा बोटांना अंदाज येत नसेल तर आम्ही सोनोग्राफी लावतो. वरून दाबलं की आतला पू हलताना दिसतो.

खडूस_काका:
मला सेल्युलायटिस सारखं व्हायचं. बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्यांना मलम सुरू केलं, तेव्हापासून नाही.

रात्रपाळी:
काका, बरोबर, जंतू आत शिरायचा तोच दरवाजा.
पिंपळपान, लालीची कड बॉलपेनने आखून ठेवा. रेघेच्या बाहेर गेली किंवा ताप आला तर ड्रेसिंगच्या तारखेची वाट बघू नका. आणि लाली एवढीशी पण दुखणं भयंकर, कातडी काळी-जांभळी, दाबल्यावर करकर, यातलं काहीही दिसलं तर मध्यरात्र असली तरी निघा.

पिंपळपान:
आखली. सासूबाई आता दर तासाला रेघ बघून जातायत.