फिजीचा पासपोर्ट सॉलोमन बेटांच्या पासपोर्टपेक्षा दुबळा का?

दादरची व्हिसावाली

नमस्कार. दादरच्या एका लहान ट्रॅव्हल कार्यालयात मी गेली अकरा वर्षे व्हिसाचे अर्ज भरण्याचे काम करते. युरोप, अमेरिका, आखात यांचे नियम तोंडपाठ आहेत. परंतु प्रशांत महासागरातील बेटांच्या नागरिकांचे काम आमच्याकडे कधी आले नव्हते आणि ते पहिल्यांदा आले तेव्हाच माझ्या हातून चूक झाली.

मुंबईत एका शैक्षणिक कार्यशाळेसाठी तीन पाहुणे आले होते. दोघे पतिपत्नी फिजीचे, तिसरे गृहस्थ सॉलोमन बेटांचे. येथून तिघांना पॅरिसला जायचे होते. सॉलोमनच्या नागरिकाला शेंगेन देशांत, म्हणजे एकच सामायिक व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांत, अल्प मुक्कामासाठी व्हिसा लागत नाही हे मी तपासले आणि फिजी तर त्या भागातला मोठा, पर्यटकांनी गजबजलेला, विमानसेवेचे केंद्र असलेला देश, म्हणजे त्यालाही लागणार नाही असे गृहीत धरून तिकिटे काढून दिली. निघण्याच्या चार दिवस आधी लक्षात आले की फिजीच्या दोघांना व्हिसा हवा. तो मुंबईत मिळणेही जवळजवळ अशक्य होते, कारण शेंगेनचा अर्ज सामान्यतः अर्जदार जेथे कायदेशीर वास्तव्य करतो त्याच देशातून करावा लागतो आणि निर्णयाला पंधरा दिवस लागू शकतात. ते दोघे येथूनच फिजीतील नादीला परतले. जाताना मला एका शब्दानेही बोलले नाहीत, त्यामुळे अधिकच वाईट वाटले.

पुन्हा असे होऊ नये म्हणून विचारते. या बेटांच्या पासपोर्टमध्ये एवढा फरक का आहे? देशाचा आकार, उत्पन्न, लोकसंख्या यांवरून काही अंदाज बांधता येतो का? आणि कोणता पासपोर्ट सर्वांत बळकट मानावा?

पार्ल्याचा वाचक

ताई, आकारावरून किंवा उत्पन्नावरून अंदाज बांधता येत नाही, हे आधी सांगतो. पापुआ न्यू गिनी हा या सर्व बेटांत लोकसंख्येने कितीतरी मोठा देश, पण त्याच्या नागरिकाला शेंगेनसाठी व्हिसा लागतो. तुवालूची लोकसंख्या अकरा हजारांच्या आसपास आहे, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गृहसंकुलाएवढी, आणि तुवालूच्या नागरिकाला लागत नाही.

पासपोर्टच्या क्रमवारीत सर्वाधिक उल्लेख होतो तो हेन्ली निर्देशांकाचा. तो २२७ ठिकाणांची यादी धरतो आणि त्यांपैकी किती ठिकाणी आधी व्हिसा न घेता जाता येते ते मोजतो. गेल्या काही वर्षांत सॉलोमन बेटे, सामोआ, टोंगा, तुवालू, किरिबाती, मार्शल बेटे, पलाऊ आणि मायक्रोनेशिया हे देश सव्वाशेच्या आगेमागे राहिले आहेत, तर फिजी, नाउरू, वानुआतू आणि पापुआ न्यू गिनी ऐंशी-नव्वदच्या घरात. मधल्या पस्तीस-चाळीसचा हिशेब मांडला की आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळते. शेंगेनमध्ये आज २९ देश आहेत. त्यांच्या आधाराने चालणारी युरोपातील चिमुकली राज्ये आणि काही सागरापारचे प्रदेश निर्देशांकात स्वतंत्रपणे मोजले जातात. म्हणजे हा फरक मुख्यतः युरोपशी झालेल्या व्हिसामुक्तीच्या कराराचा आहे.

त्या कराराचा इतिहास असा. युरोपीय संघाने २०१४ मध्ये आपली व्हिसामुक्त देशांची यादी वाढवली आणि तीत प्रशांत महासागरातील अनेक लहान देश घातले. मात्र प्रत्येकाशी स्वतंत्र करार झाल्यावरच सवलत लागू होणार होती. सामोआ आणि वानुआतू यांचे करार मे २०१५ मध्ये झाले, टोंगा आणि पलाऊ यांचे त्याच वर्षाच्या अखेरीस, तर किरिबाती, मार्शल बेटे, तुवालू, मायक्रोनेशिया आणि सॉलोमन बेटे यांचे २०१६ मध्ये. फिजी आणि पापुआ न्यू गिनी हे देश त्या यादीतच नव्हते. अशी यादी करताना बेकायदा स्थलांतराची शक्यता, सुरक्षा, व्यापार आणि परराष्ट्र संबंध पाहिले जातात. अर्ज करणारा प्राध्यापक किती सज्जन आहे याचा त्यात कोठेही संबंध येत नाही.

ब्रिटनची यादी पुन्हा वेगळी. तेथे पापुआ न्यू गिनीच्या नागरिकाला भेटीसाठी व्हिसा लागत नाही, पण फिजीच्या नागरिकाला लागतो आणि हे ब्रिटिश लष्करात फिजीचे कितीतरी जवान नोकरी करत असताना. मला ही गोष्ट फार खटकते. म्हणून एका यादीवरून दुसरीचा अंदाज बांधू नये, आणि शेजारी देशावरून तर मुळीच नाही. शिवाय जानेवारी २०२५ पासून व्हिसा न लागणाऱ्या या प्रवाशांनाही ब्रिटनला जाण्यापूर्वी शुल्क भरून ऑनलाइन प्रवासपरवानगी घ्यावी लागते. 'व्हिसामुक्त' आणि 'पूर्वपरवानगीमुक्त' हे शब्द आता समानार्थी राहिलेले नाहीत.

निवृत्त चीफ इंजिनिअर, मुलुंड

वरील उत्तर अचूक आहे, पण केवळ आकडे मोजण्याने एक मोठी गोष्ट निसटते, ती सांगण्यासाठी लिहितो.

माझ्या नोकरीची शेवटची नऊ वर्षे मार्शल बेटांचा झेंडा लावलेल्या जहाजांवर गेली. मुंबईतील अनेक खलाशांच्या घरी हे नाव परिचयाचे आहे, कारण ती जगातील सर्वांत मोठ्या जहाजनोंदणींपैकी एक आहे. जहाजाच्या मागच्या बाजूला 'माजुरो' असे तेथील राजधानीच्या बंदराचे नाव रंगवलेले असते. प्रत्यक्षात नोंदणीचा कारभार अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातून चालतो आणि माजुरोचा किनारा मी एकदाही पाहिलेला नाही. नवीन मुले विचारत असत की या झेंड्यामुळे अमेरिकेत काही सवलत मिळते का. मिळत नाही. झेंडा जहाजाचा असतो, राष्ट्रीयत्व माणसाचे. अमेरिकी बंदरात उतरण्यासाठी भारतीय खलाशाला खलाशांचा व्हिसा घ्यावाच लागतो.

मात्र मार्शल बेटांच्या नागरिकाची गोष्ट निराळी आहे. मार्शल बेटे आणि मायक्रोनेशिया यांचा १९८६ पासून, तर पलाऊचा १९९४ पासून अमेरिकेशी 'मुक्त सहयोगाचा' करार लागू आहे. त्यानुसार या तीन देशांचे नागरिक व्हिसाशिवाय अमेरिकेत जाऊ शकतात. आणि केवळ फिरायला नव्हे, तर तेथे राहायला, शिकायला आणि नोकरी करायला, तेही मुदतीच्या अटीशिवाय. बदल्यात या देशांच्या संरक्षणाची जबाबदारी आणि त्यांच्या विस्तीर्ण सागरी क्षेत्रावरील लष्करी हक्क अमेरिकेकडे आहेत. २०२४ मध्ये कराराच्या आर्थिक भागाला वीस वर्षांची मुदतवाढ मिळाली.

आता निर्देशांकात अमेरिका हे फक्त 'एक ठिकाण' म्हणून मोजले जाते. ब्रिटनमध्ये काही महिने पर्यटक म्हणून राहण्याला एक गुण, आणि अमेरिकेत आयुष्यभर नोकरी करण्यालाही एकच गुण! ही मोजणी मला पटत नाही. अर्कान्सासमधील स्प्रिंगडेल या गावात मार्शल बेटांच्या लोकांची मोठी वस्ती आहे. ही सवलत त्यांना कोणी उपकार म्हणून दिली, असेही कोणी समजू नये. १९४६ ते १९५८ या काळात बिकिनी आणि एनेवेटक या प्रवाळबेटांवर अमेरिकेने ६७ अणुचाचण्या केल्या. तरीही कराराखाली तेथे गेलेल्यांना नागरिकत्व आपोआप मिळत नाही, आणि १९९६ च्या एका कायद्याने त्यांचा मेडिकेडचा, म्हणजे सरकारी आरोग्यसाहाय्याचा, हक्क काढून घेतला होता, तो डिसेंबर २०२० मध्ये परत मिळाला. चोवीस वर्षे हा थोडा काळ नव्हे.

गिरगावकर

चीफसाहेबांच्या मुद्द्याला जोडून सांगतो. एखाद्या टोंगाच्या किंवा सामोआच्या माणसाला विचारले की तुझा पासपोर्ट बळकट आहे का, तर तो पॅरिसचा विचार करणार नाही. ऑकलंड आणि सिडनीचा करील. त्याचा भाऊ, मावशी, शिकणारी मुले तेथे असतात. आणि नेमके तेथे जाण्यासाठी, साध्या भेटीसाठीसुद्धा, सर्वसाधारणपणे आधी व्हिसा घ्यावा लागतो. सात समुद्रांपलीकडचे दार उघडे आणि शेजारचे बंद, अशी ही स्थिती आहे.

सामोआचे उदाहरण तर जिव्हारी लागणारे आहे. १९६२ पर्यंत तेथे न्यूझीलंडची सत्ता होती. १९८२ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या न्यूझीलंडच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, निर्णय दिला की १९२४ ते १९४८ या काळात जन्मलेले सामोअन हे कायद्याने न्यूझीलंडचे नागरिक ठरतात. त्याच वर्षी न्यूझीलंडच्या संसदेने कायदा करून तो हक्क काढून घेतला. २०२४ च्या अखेरीस नव्या कायद्याने त्या पिढीतील हयात लोकांना नागरिकत्व परत मिळवण्याची वाट खुली झाली, तेव्हा त्यांतील सर्वांत धाकटे पंचाहत्तरी ओलांडून गेले होते.

याउलट कुक बेटे आणि निउए येथील लोक न्यूझीलंडचेच नागरिक आहेत आणि त्यांच्याकडे न्यूझीलंडचाच पासपोर्ट असतो. कुक बेटांच्या सरकारने स्वतःच्या वेगळ्या पासपोर्टचा विचार पुढे आणला होता. न्यूझीलंडने विरोध केल्यावर २०२५ च्या आरंभी तो मागे घेतला गेला. ताहिती आणि न्यू कॅलेडोनिया येथील लोक फ्रान्सचे नागरिक, तर ग्वामचे अमेरिकेचे. तेव्हा ताई, ग्राहक कोठून आला हे विचारू नका, त्याच्या हातातील पुस्तिका कोणत्या देशाची आहे ते पाहा.

तुवालूबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. ऑस्ट्रेलियाबरोबरचा त्यांचा फालेपिली करार ऑगस्ट २०२४ मध्ये लागू झाला आणि त्याखाली दरवर्षी २८० तुवालूवासीयांना ऑस्ट्रेलियात कायमच्या वास्तव्याची संधी मिळते. २०२५ मधील पहिल्या सोडतीसाठी कुटुंबीय धरून ८,७५० जणांची नोंदणी झाली. एकूण लोकसंख्या ध्यानात घ्या. जवळजवळ सारा देश त्या रांगेत उभा राहिला.

दादरची व्हिसावाली

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आणखी एक विचारते. आमच्याकडे येणारे एक व्यावसायिक गेल्या महिन्यात वानुआतूच्या नागरिकत्वाची चौकशी करून गेले. कोणा दलालाने त्यांना सांगितले आहे की पैसे भरले की दोन महिन्यांत पासपोर्ट मिळतो आणि मग युरोपचा व्हिसा लागत नाही. वर वानुआतूचे नाव मे २०१५ च्या करारात आहे, पण खालच्या गटातही आहे. हे कसे?

पार्ल्याचा वाचक

त्यांना कृपया आजच फोन करून थांबवा. दलालाच्या बोलण्यातील युरोपची गोष्ट आता खरी राहिलेली नाही.

गुंतवणुकीच्या बदल्यात नागरिकत्व देण्याच्या योजनेत वानुआतूने हजारो पासपोर्ट दिले. अर्ज अत्यंत वेगाने मंजूर होत, नाकारले जाण्याचे प्रमाण नगण्य होते आणि देशात राहण्याची अट नव्हती. युरोपीय संघाने यावर आक्षेप घेतला, मे २०२२ मध्ये २५ मे २०१५ नंतर दिलेल्या पासपोर्टांसाठी सवलत स्थगित केली, फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वच पासपोर्टांसाठी, आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती कायमची रद्द केली. ब्रिटनने जुलै २०२३ मध्ये व्हिसा लागू केला. याची झळ राजधानी पोर्ट व्हिलामधील शिक्षिकेला किंवा परिचारिकेला बसली, जिने काहीही विकले नव्हते. पासपोर्ट विकून मिळालेला पैसा सरकारजमा झाला आणि किंमत सामान्य नागरिकाने मोजली, याचा मला मनस्वी राग येतो. असेच प्रयोग टोंगाने १९८० च्या दशकात केले होते, आणि नाउरूने नोव्हेंबर २०२४ मध्ये हवामानबदलाशी झुंजण्याच्या निधीसाठी अशीच नवी योजना जाहीर केली. बुडत्या किनाऱ्याच्या देशाची निकड मी समजू शकतो, तरी वानुआतूचा अनुभव समोर असताना काळजी वाटते.

आपल्या ग्राहकासाठी अधिक महत्त्वाची गोष्ट आपल्या कायद्यात आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपते. दोन्ही पासपोर्ट जवळ बाळगता येत नाहीत. भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. ललित मोदी यांच्या वानुआतूच्या पासपोर्टची बातमी मार्च २०२५ मध्ये आली आणि तेथील पंतप्रधान जोथम नापत यांनी तो रद्द करण्यास नागरिकत्व आयोगाला सांगितले, हे त्या व्यावसायिकांनीही वाचले असेल. विकत घेतलेली गोष्ट परत काढून घेतली जाऊ शकते, हे त्यांना स्पष्ट सांगा.

निवृत्त चीफ इंजिनिअर, मुलुंड

ताई, आपल्या भारतीय ग्राहकांसाठी एक सूचना करून ठेवतो. फिजी, वानुआतू, मायक्रोनेशिया येथे भारतीय पर्यटकाला आगाऊ व्हिसा लागत नाही, हे खरे. पण मायक्रोनेशियाला जाणारी विमाने प्रामुख्याने ग्वाम किंवा होनोलुलूहून सुटतात आणि तेथे नुसते विमान बदलण्यासाठीही अमेरिकेचा व्हिसा लागतो. ऑस्ट्रेलियामार्गे फिजीला जाताना भारतीयाला तेथील ट्रान्झिट व्हिसा पाहावा लागतो. सिंगापूर किंवा हाँगकाँगमार्गे थेट नादीला जाणे सोपे पडते. तिकीट काढण्यापूर्वी मुक्कामाच्या देशाइतकेच वाटेतल्या देशांचे नियम तपासावेत.

दादरची व्हिसावाली

त्या व्यावसायिकांशी आज सकाळी बोलले. दलालाला त्यांनी अजून पैसे दिलेले नाहीत.

फिजीच्या पतिपत्नींनाही पत्र लिहिले. पुढच्या वर्षी त्यांना पुन्हा पॅरिसला जायचे आहे. अर्ज तेथूनच, प्रवासाच्या किमान दोन महिने आधी करायचा आहे; कागदपत्रांची यादी मी त्यांना पाठवली असून अर्जाचा मसुदा विनामूल्य तपासून देईन असे कळवले आहे. सॉलोमनच्या गृहस्थांनाही सोबत जायचे आहे. या वेळी तिघांची तिकिटे दोघांचे व्हिसा हाती आल्यानंतरच काढायची, असे ठरले आहे.