ओढ्याकाठची झाडी छाटली, आता तिबोटी खंड्या येतच नाहीये

पावसाळी_भटक्या: माणगावजवळ एका ओढ्याच्या दरडीत जूनमध्ये खंड्याचं बीळ सापडलं होतं, नर-मादी दोघंही आळीपाळीनं माती उकरत होते, चोच लाल चिखलानं माखलेली. काल गेलो तर समोरची सगळी झुडपं कोयत्यानं साफ आणि एक सरळसोट फांदी रोवलेली, तिच्यावर बसला की फोटो "क्लीन" यावा म्हणून! दोन तास थांबलो, खंड्या चोचीत सापसुरळी घेऊन लांबच्या फांदीवर नुसता बसून राहिला, बिळात गेलाच नाही. असं झालं की तो घरटं सोडतो का?

रानवेडा: सोडू शकतो. पिल्लं साधारण २० दिवस बिळात असतात, त्यात दोन तास उपाशी म्हणजे थोडं नाही भावा. आणि आडोसा गेला की घोरपडीला, सापाला बीळ उघडंच. तू थांबलास तेपण चुकलंच, राग नको मानू.

पावसाळी_भटक्या: मान्य. लक्षातच नाही आलं.

कोकणी_काका: वन्यजीव कायदा १९७२ मध्ये अंडी-घरट्याला त्रास देणं शिकारीतच मोडतं. तोडलेल्या झुडपांचे फोटो काढ, वनरक्षकाला दाखव. लोकेशन मात्र इथे टाकू नकोस, नाहीतर रविवारी दहा गाड्या लागतील.

शटरबाबू: एवढं काय, दोन फांद्या तर तोडल्यात, परत वाढतील की

रानवेडा: फांद्या वाढतील रे, पिल्लं तोवर थांबणारेत का?